कुडझूवर शेळ्या: भाड्याचा कळप मागवावा का?

आधी निकाल सांगते, कारण मंडळातल्या बऱ्याच जणांनी फोन करून तोच एक प्रश्न विचारलाय. घरामागच्या उतारावर कुडझूचा वेल माजला असेल, उतार यंत्र न चढण्याइतका खडा असेल, खाली ओढा वाहत असेल आणि दोन-तीन हंगाम धीर धरायची तयारी असेल, तर शेळ्यांचा कळप भाड्याने जरूर आणा. एकदाच आणून वेलाचा कायमचा निकाल लावायचा बेत असेल तर आणू नका. शेळ्या पोटभर जेवतील, तुमचे पैसे जातील आणि पुढच्या मे महिन्यात वेल जिथल्या तिथे असेल.

सेवेचं नाव मी इथे देत नाही. अटलांटाच्या आसपास असं काम करणारे बरेच झालेत, प्रत्येकाची हद्द ठरलेली असते, आणि नावापेक्षा त्यांच्याकडून काय करून घ्यायचं हे कळणं जास्त उपयोगाचं आहे.

आमचं घर ग्विनेट काउंटीत, लिलबर्नजवळ. मागचा साधारण पाऊण एकर उतार थेट ओढ्यात जातो आणि तो ओढा पुढे यलो रिव्हरला मिळतो. उतारावर पाइनची झाडं आहेत, पण मे ते ऑक्टोबर ती दिसायचीच नाहीत. दिसायचे ते हिरवे ढिगारे, आत काय आहे याचा पत्ता नाही. घर हिवाळ्यात बघायला जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: थंडीत कुडझूची पानं झडतात आणि करड्या दोऱ्यांचं जाळं तेवढं उरतं, ते वाळकं गवत वाटतं. झाडांवरून लोंबणाऱ्या अशा दोऱ्या दिसल्या तर दलालाला थेट विचारा.

कुडझू हा पावट्याच्या कुळातला वेल. तीन-तीन पानांचा झुबका, एकेक पान तळहाताएवढं, मागून लवदार. जूनमध्ये त्याचा शेंडा जवळून बघावा. तपकिरी लव असलेला तो शेंडा हवेत आधार शोधत असतो. आज कुंपणापासून वीतभर लांब असेल तर उद्या त्याचा विळखा तारेला बसलेला असतो. दिवसाला फूटभर वाढ ही अतिशयोक्ती नाही. भर उन्हाळ्यात चांगल्या जागी तो तेवढा वाढतो आणि एका हंगामात ६० फुटांपर्यंत जातो. जमिनीवरून सरपटताना पेरापेराला मुळ्या सोडतो, जिथे मूळ धरलं तिथे नवा गड्डा तयार होतो. जुन्या गड्ड्याखालचं मूळ माणसाच्या उंचीइतकं खोल जातं आणि वजनाला १८० किलोपर्यंत भरू शकतं. त्या मुळात पिष्टाचा साठा असतो. वरचा पाला तुम्ही कितीही कापा, साठा आहे तोवर वेल पुन्हा फुटणार. म्हणूनच एकदा साफ करून भागत नाही. पाला आला की खाऊन टाकायचा, पुन्हा आला की पुन्हा खाऊन टाकायचा, मुळातलं सगळं खर्ची पडेपर्यंत. शेळ्यांचं काम नेमकं इथे लागतं.

शेळ्यांआधी आम्ही बाकीचे मार्ग तपासले होते. झुडपं भुगा करणारं यंत्र आमच्या उतारावर चढणार नाही, हे चालकाने बघताक्षणी सांगितलं. फवारणीचा दर शेळ्यांपेक्षा कमी निघाला. कुडझू फुलोऱ्यात असताना, ऑगस्ट-सप्टेंबरात, ग्लायफोसेट हे तणनाशक मारलं तर ते मुळापर्यंत उतरतं, हे खरं आहे. क्लोपायरॅलिड नावाचं दुसरं औषध पाइनला न मारता शेंगवर्गीय वेलाला मारतं, तेही खरं. पण शेंगवर्गीय म्हणजे माझा पावटाही आला. वरच्या अंगाला माझा वालपावट्याचा मांडव, खालच्या अंगाला ओढा; मधे औषध मारायला माझं मन तयार झालं नाही. ज्यांच्याकडे सपाट जागा आहे, पाणी लांब आहे, त्यांनी शेळ्यांच्या मागे लागू नये. त्यांना परवाना असलेला जाणकार फवारणीवाला पुरेसा आहे.

आता सेवेबद्दल. फोन केल्यावर मालकीणबाई स्वतः जागा बघायला आल्या, आणि पहिलं काम त्यांनी केलं ते आमच्या बागेतली झाडं ओळखायचं. समोर अझेलियाचं फुलझुडूप आहे म्हटल्यावर त्यांनी लगेच वहीत लिहिलं. अझेलिया आणि ऱ्होडोडेंड्रॉन शेळीला विषारी असतात, आणि जॉर्जियात दर दुसऱ्या अंगणात अझेलिया असते. जागा न बघता फोनवरच दर सांगणाऱ्याला बोलावू नका, ते एवढ्यासाठीच. त्यांनी ओढ्याच्या काठाची माती पायाने उकरून बघितली आणि म्हणाल्या, "काठालगतची पट्टी आत्ता चारणार नाही. तिथली माती या वेलानेच धरून ठेवलीय. तुम्ही तिथे लावायला काही आणा, मग चारू." स्वतःचं काम आणि पैसे दोन्ही कमी करणारी ही सूचना होती. मी तिथेच होकार दिला.

पहिल्या फेऱ्याचे बाराशे डॉलर झाले. त्यात ने-आण, कुंपण, पाण्याचं भांडं, राखणीचा कुत्रा हे सगळं आलं. दुसऱ्या फेऱ्याला पाला कमी असतो, कळपही लहान लागतो, म्हणून दर उतरतो. आमच्याकडे पंचवीसेक शेळ्या आल्या, बहुतेक स्पॅनिश आणि किको जातीच्या मिश्र. जाळीदार विजेचं कुंपण, सौर पेटीवर चालणारं. ते उभं करायला वेल कापून वाट काढावी लागते, ते कामही त्यांनीच केलं. राखणीला पांढरा ग्रेट पिरेनीज. रात्री कोल्हेकुई ऐकली की भुंकतो आणि कॉयोटी आसपास फिरकत नाहीत.

शेळी कुडझू कशी खाते हे बघण्यासारखं आहे. मागच्या पायांवर उभी राहून पुढचे पाय खोडाला टेकवते, वरचा वेल तोंडात धरून खाली ओढते, मग पानं अशी ओरबाडून घेते की हातात दोरी उरावी तसा नुसता वेल मागे राहतो. आधी कोवळे शेंडे, मग पानं, शेवटी वेलाची साल. कुडझूच्या पाल्यात प्रथिनं लसूणघासाच्या तोडीची असतात, त्यामुळे जनावराला त्याची गोडी लागायला वेळ लागत नाही. या वेलाने अमेरिकेत पाय रोवले ते बऱ्याच अंशी याच गुणामुळे.

त्या वेळी माझे वडील इथे आले होते. आप्पा मंगळवेढ्याचे, ७२च्या दुष्काळात बांधबंदिस्तीच्या कामांवर होते आणि पुढे तेच काम करत निवृत्त झाले. रोज चहाचा कप घेऊन मागच्या डेकवर शेळ्या बघत बसायचे. उताराचा मधला भाग मोकळा झाला तेव्हा त्यांनी मला हाक मारली.

"अगं, इकडे ये. ते बघ. हा बांध आहे."

"कुठे आहे आप्पा? मला तर नुसता उंचवटा दिसतोय."

"नीट बघ. आडवा गेलाय, एका पातळीत. खाली दुसरा आहे. हे कुणीतरी समपातळी बघून घातलेले बांध आहेत. इथे शेत होतं."

मालकीणबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, हो, कापसाचं. जॉर्जियाच्या या डोंगराळ पट्ट्यात जंगलांत आणि वस्त्यांच्या मागे असे जुने बांध जागोजागी आहेत. शेळ्यांनी पाला खाल्ला की ते उघडे पडतात, त्यांना हे नेहमीचं. आम्हाला मात्र त्या दोन मातीच्या वरंब्यांनी या वेलाची सगळी हकीकत समजावून दिली. या उतारावर पिढ्यानपिढ्या कापूस घेतला, माती वाहून गेली, बांध घातले, ते पुरे पडले नाहीत, आणि मग कुडझू आला. इथून नैर्ऋत्येला स्टुअर्ट काउंटीत प्रॉव्हिडन्स कॅन्यन आहे. लोक लाल-गुलाबी मातीचे फोटो काढायला जातात. १५० फूट खोल असलेल्या त्या घळी नदीने कोरलेल्या नाहीत, १९व्या शतकातल्या बेफिकीर शेतीने पाडल्यात. आप्पांना तिथे नेलं तेव्हा ते बराच वेळ कठड्याशी उभे होते.

कुडझू या देशात आला तो १८७६ साली फिलाडेल्फियाच्या शताब्दी प्रदर्शनात, जपानच्या दालनातली शोभेची वेल म्हणून. दक्षिणेत लोकांनी तो पडवीवर सावलीसाठी चढवला. फ्लोरिडातल्या चिपली गावात चार्ल्स आणि लिली प्लीस या जोडप्याच्या लक्षात आलं की जनावरं तो आवडीने खातात, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी रोपवाटिकेतून टपालाने रोपं विकायला सुरुवात केली. पण खरी लागवड झाली ती सरकारने मनावर घेतल्यावर. १९३५ साली ह्यू हॅमंड बेनेट यांच्या हाताखाली मृदसंधारण सेवा उभी राहिली आणि उघड्या पडलेल्या जमिनीवर कुडझू लावणाऱ्या शेतकऱ्याला एकरी ८ डॉलरपर्यंत मिळू लागले. मंदीच्या त्या दिवसांत ही रक्कम लहान नव्हती. सरकारी रोपवाटिकांनी कोट्यवधी रोपं वाटली. १९४५पर्यंत दहा लाख एकरांहून थोडी जास्त जमीन या वेलाखाली आली होती.

आणि आमच्याच यलो रिव्हरच्या खालच्या अंगाला, कॉव्हिंग्टनजवळ, चॅनिंग कोप राहायचे. अटलांटाच्या वर्तमानपत्रात शेतीचं सदर लिहायचे, घराच्या पडवीतून रेडिओवर बोलायचे आणि कुडझूला चमत्कारी वेल म्हणायचे. १९४३ साली त्यांनी कुडझू क्लब ऑफ अमेरिका काढला. वीस हजार सभासद झाले. मला कोप यांच्यावर हसावंसं वाटत नाही. ते बोलत होते ते खोटं नव्हतं. वेल माती धरतो, मुळांवरच्या गाठींतून जमिनीला नत्र देतो, जनावराला चारा देतो. डोळ्यांदेखत शेत ओढ्यात वाहून जाताना बघितलेल्या माणसाला हे तिन्ही गुण एका रोपात मिळाले तर तो आणखी काय मागेल? आप्पांनी हे ऐकून एवढंच म्हटलं, "आपल्याकडे वेड्या बाभळीचं हेच झालं. लावली तेव्हा सरपण आणि माती, दोन्हींसाठीच लावली होती."

गाडी बिनसली ती लागवडीनंतर. वेलाची गवतासारखी कापणी होत नाही, दोऱ्या यंत्रात अडकतात. गुरं सोडली तर ती तुडवून आणि ओरबाडून वेल संपवतात. त्यामुळे वापरात असलेल्या शेतांतला कुडझू बराचसा मेला. जो जगला तो सोडून दिलेल्या शेतांत, रेल्वेच्या आणि रस्त्यांच्या कडेला, जिथे त्याला खायला कुणीच नव्हतं. शेतकरी शहरात गेले, गुरं गेली, आणि वेल झाडांवर चढला. १९५३ साली कृषी खात्याने त्याला मदतीच्या यादीतून काढलं, १९७० साली तण ठरवलं. कुडझू माजायचं कारण त्याच्या अंगात आहेच, पण खाणारं तोंड निघून जाणं हे तितकंच मोठं कारण आहे. शेळ्यांची सेवा मला पटली ती या हिशेबाने. हरवलेलं तोंड परत आणायचं आहे. टेनेसीतल्या चॅटनूगा शहराने २००६ साली मिशनरी रिजच्या उतारावर शेळ्या सोडल्या त्याही याच विचाराने.

या वेलाची दहशत मात्र त्याच्या पसाऱ्यापेक्षा मोठी आहे. कुडझूने सत्तर लाख एकर गिळलेत असा आकडा सगळीकडे फिरतो. वन खात्याच्या नमुना पाहणीत दक्षिणेतल्या जंगलांत तो निघाला सुमारे २,२७,००० एकरांवर. त्याच पाहणीत चिनी प्रिव्हेट नावाचं बागेतून पळालेलं झुडूप ३२ लाख एकरांवर आहे, आणि त्याचं नाव कुणी घेत नाही. कुडझू रस्त्याच्या कडेला असतो, गाडीतून जाताना दिसतो, म्हणून त्याच्या गोष्टी झाल्या. शेळ्या आणणाऱ्यांसाठी याचा अर्थ व्यवहारी आहे: कुडझू गेल्यावर रिकाम्या जागेत प्रिव्हेट उगवतं. आमच्याकडे दुसऱ्या वसंतात उगवलं. शेळ्या प्रिव्हेटही खातात, तेव्हा पुढच्या फेऱ्यांच्या करारात ते आधीच धरा.

साहित्याने ही दहशत जोपासली असं म्हणायला हरकत नाही. जॉर्जियाचेच कवी जेम्स डिकी यांची 'कुडझू' ही कविता १९६३ साली 'न्यू यॉर्कर'मध्ये आली. रात्री खिडक्या लावून घ्या, नाहीतर वेल घरात शिरेल, ही इथली दंतकथा त्या कवितेत आहे. वेलाबरोबर साप येतात आणि सापांसाठी डुकरं आत सोडतात, असंही त्यात आहे. मी ती कविता इथल्या ग्रंथालयात वाचली आणि पहिला विचार आला तो आमच्या शेळ्यांचा. सापांची भीती काल्पनिक नाही. कुडझूखाली कॉपरहेड हे विषारी साप असतात आणि मुलांना आत सोडायची आमची कधी हिंमत झाली नव्हती. पाला गेल्यावर निदान पाय कुठे ठेवतोय ते दिसतं. डिकींच्या कवितेतली भीती मला खरी वाटते, पण ती परक्या वेलाची भीती आहे. हाच वेल आपल्या घरी, जपानात, वेगळ्याच मानाने राहतो. आठव्या शतकातल्या 'मान्योशू' या काव्यसंग्रहात यामानोउए नो ओकुरा यांनी शरद ऋतूची सात फुलं मोजलीत, त्यात कुडझू तिसरा आहे. ऑगस्टअखेर आमच्या ओढ्याकाठी राखलेल्या पट्टीत तो फुलतो. जांभळे उभे तुरे पानांच्या आड लपलेले असतात, दिसायच्या आधी वास येतो, पिकल्या द्राक्षांचा. ज्या माणसाने ही फुलं सातांत घेतली त्याचं मला मनापासून पटतं.

जपानात नारा प्रांतातल्या योशिनो भागात याच मुळाचं पीठ करतात. हिवाळ्यात मुळं खणायची, ठेचायची, थंडगार पाण्यात पुन्हा पुन्हा धुऊन गाळायची, खाली बसलेलं पांढरं पिष्ट सावकाश वाळवायचं. आपल्याकडे तवकिराची किंवा आरारूटची खीर उपासाला आणि आजाऱ्याला करतात, तशीच याची पेज तिकडे आजाऱ्याला देतात. मी बाजारातून आणून वड्या केल्या. तवकिराच्या वड्यांपेक्षा लवचीक आणि जास्त पारदर्शक होतात. आमच्या उतारावरची मुळं मात्र खायला घेतली नाहीत, आधीच्या मालकांनी तिथे काय काय फवारलं होतं याचा भरवसा नाही. तुम्हीही तसं करू नका. आणि हा वेल आपल्याला इतका परकाही नाही: सह्याद्रीतला घोडवेल, ज्याचा कंद विदारीकंद म्हणून च्यवनप्राशात पडतो, तो कुडझूच्याच प्रजातीचा, प्युरेरिया. आप्पांनी पान हातात घेऊन चुरलं आणि "भावकी दिसते" म्हणाले.

आता तक्रारी, कारण पाचपैकी चारच तारे देतेय.

पहिली आणि मोठी तक्रार गड्ड्यांबद्दल. शेळ्या पाला खातात, गड्डा तसाच राहतो. कुडझूच्या मुळाला फुटवे येतात ते जमिनीलगतच्या गाठीतूनच, म्हणजे गड्ड्यातूनच. ती गाठ पूर्ण छाटून काढली तर खालचं अजस्र मूळ फुटत नाही, जमिनीतच कुजतं. म्हणजे मूळ खणायची गरज नाही, करवत आणि कुदळ घेऊन एकेक गड्डा काढला की पुरे. शेळ्यांनी पाला साफ केल्यानंतरचे काही आठवडे या कामासाठी सर्वांत चांगले, कारण गड्डे उघडे दिसतात. ही गोष्ट सेवेच्या माहितीपत्रकात पहिल्या ओळीत हवी. होती कुठे, तर कराराच्या शेवटी, वेगळ्या दराने मिळणारं काम म्हणून. आम्ही ते घरच्या घरी केलं. आप्पा नको म्हणत असताना कुदळ घेऊन उतरायचे. मी आणि माझा नवरा करवत चालवायचो. कंबर मोडणारं काम आहे, पण ज्या भागात गड्डे काढले तिथे पुढच्या वर्षी वेल नावालाच आला. जिथे नुसत्या शेळ्या चरल्या, तिथे अर्ध्याहून जास्त परतला.

दुसरी तक्रार कुंपणाची. सलग ढगाळ दिवस आले आणि सौर पेटी उतरली. दोन शेळ्या जाळी वाकवून शेजाऱ्यांच्या अंगणात, नेमक्या अझेलियाकडे. शेजाऱ्यांनी त्यांना हुसकलं, शेळ्यांना काही झालं नाही, मालकीणबाई तासाभरात आल्या आणि नुकसानभरपाईचं स्वतःहून बोलल्या. तरी जादा बॅटरी जागेवर ठेवायला हवी होती. तुम्ही करारात लिहून घ्या.

वासाबद्दल आणि बेंबें आवाजाबद्दल मी तारा कमी करत नाही. शेळ्या आहेत. पण वस्तीचा एचओए, म्हणजे घरमालकांचा संघ, असेल तर आधी लेखी परवानगी घ्या. पाळीव गुरांना बंदी असली तरी थोड्या दिवसांच्या चराईला काही जण सूट देतात. काउंटीचाही नियम विचारून घ्या. मुलांना शेळ्यांच्या अंगाला हात लावू देऊ नका: त्या पॉयझन आयव्हीही मजेत खातात, त्यांना काही होत नाही, पण त्याचं तेल केसांना लागून राहतं आणि आपल्या हातांवर पुरळ येतो.

कुडझूच्या किड्याचा प्रश्न शेळ्यांनी सुटेल अशी आशा ठेवू नका. हा वाटाण्याएवढा तपकिरी किडा २००९ साली अमेरिकेत पहिल्यांदा सापडला तो ईशान्य जॉर्जियातच. कुडझूवर जगतो, तिथून सोयाबीनवर जातो, ऑक्टोबरात घराच्या पांढऱ्या भिंतींवर बसतो आणि चिरडला की घाण वास सोडतो. आप्पांनी माझ्या पावट्याच्या मांडवावर तो बघितला आणि लगेच ओळखला, आपल्याकडे वालावर तोच येतो. आता त्याची अंडी खाणारी एक बारकी माशीही इथे पोचलीय आणि त्याचा जोर ओसरलाय.

चार तारे दिले ते उरलेल्या कामासाठी. कळप नेताना मालकीणबाईंनी उघड्या उतारावर काय पेरायचं ते सांगितलं: ऑक्टोबरात राय हे गव्हासारखं धान्य, म्हणजे हिवाळाभर माती झाकलेली राहते, वरून काथ्याची जाळी, वसंतात स्विचग्रास आणि ओकची रोपं. आप्पांनी त्यात स्वतःचं घातलं. खालचा जुना बांध एका जागी फुटला होता, तिथून पावसाचं पाणी ओघळ पाडत होतं. त्यांनी दगड रचून सांडवा केला, दोन्ही बाजूंनी माती ठोकली. त्या हिवाळ्यात जोराचा पाऊस झाला तेव्हा मी छत्री घेऊन बघायला गेले होते. बांधावरून पाणी येत होतं, पण त्यात माती नव्हती. मालकीणबाईंना फोटो पाठवला, तर त्यांनी तो सांडवा कसा रचला हे आप्पांना फोनवर विचारून घेतलं. मधे दुभाषी मी.

काठालगतची पट्टी यंदा चारायची आहे, विलोच्या फांद्या तिथे फुटल्यात. ऑगस्टच्या फेऱ्यासाठी मी लहान कळप ठरवलाय. कुडझू कुंपण बघून थांबत नाही, म्हणून वरच्या दोन घरांनाही विचारलंय. एकाच वेळी केलं तर ने-आणीचा खर्च वाटला जातो आणि एकाचा वेल दुसऱ्याकडे परत येत नाही. याच ओढ्याकाठी आणखी कुणी राहत असेल तर मेअखेरपर्यंत मला कळवा. जूननंतर चांगले कळप मिळत नाहीत, सगळे आधीच ठरलेले असतात.